पुढचं लाकूड

आमच्या उत्तरेकडच्या एस्कनाबा गावच्या बंदूक-बाजारात लेम्पी केस्कीचं टेबल कुठं आहे हे कुणाला विचारावं लागत नसे. ज्या टेबलावर एकही रायफल नाही आणि तरी माणसं वाकून वाकून बघताहेत, ते तिचं. जुने चामडी पट्टे, संगिनींची म्यानं, काडतुसं ओवायच्या पत्र्याच्या पट्ट्या, तेलाच्या चपट्या डब्या, नळी पुसायच्या बारीक साखळ्या. जगातल्या कुठल्या कुठल्या सैन्यांनी भंगारात काढलेलं सामान तिच्या हातून पुसून, तेल लावून, रांगेत मांडलेलं असायचं. आठवडाभर ती शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना बटाटे वाढायची आणि शनिवार उजाडला की खोकी गाडीत भरून निघायची. नवरा असा काही दिवस होता, मग नव्हता. त्याविषयी ती बोलत नसे आणि आमच्या भागात कुणी विचारतही नसे.

पट्टे विकणं हे निमित्त होतं. टेबल मांडून झालं की ती शेजारच्या मर्ल पेल्टियेला म्हणायची, "जरा बघ रे इकडे," आणि हॉलभर फिरायची. रायफलींकडे तिचं लक्ष नसे. ती टेबलांच्या खाली बघायची. तिथं मोडक्यातोडक्या भागांची खोकी असतात, ज्यात हात घातला की कोपरापर्यंत काळं ग्रीस लागतं. प्रत्येक खोक्याशी तिचा एकच प्रश्न.

"कापलेलं पुढचं लाकूड आहे का?"

"आली बघा लाकूडवाली!" लोक म्हणायचे. "अगं, अख्खा दस्ता देतो, नवाकोरा. कापलेलं कशाला?"

"मला कापलेलंच पाहिजे."

या वेडाचं मूळ तिच्या बापाच्या गोणीत होतं. वायनो केस्की हा आमच्याकडचा तांब्याच्या खाणीतला माणूस, फिनलंडहून आलेल्या आईबापांचा मुलगा. म्हणजे तोंडातून शब्द काढायचा तर आधी परवानगी काढावी लागते असा. पंचेचाळीस साली युद्ध संपलं तेव्हा तो जर्मनीत होता आणि त्याच्या तुकडीत केंटकीचा एक कोळसा-खाणवाला होता, टॅक नावाचा. तो बोलायचा, हा ऐकायचा. दोघांचं चांगलं जमलं यात नवल नाही. शरण आलेल्यांनी टाकलेल्या बंदुकांच्या ढिगातून दोघांनी मिळून एक रायफल उचलली. आता ती घरी न्यायची कशी? लांबलचक रायफल सैनिकाच्या गोणीत मावेना. मग त्या काळी घरी निघालेल्या पोरांनी जे केलं तेच यांनी केलं. नळी काढून ठेवली आणि दस्त्याचं लाकूड करवतीनं मधोमध कापलं. कापायचं ते मधल्या लोखंडी कड्याच्या बरोबर खाली, म्हणजे पुन्हा जोडलं की कड्यानं काप झाकला जातो आणि रायफल अखंड दिसते.

बाकीच्यांनी दोन्ही तुकडे एकाच गोणीत कोंबले. या दोघांनी वाटणी केली. नळी, मधलं कडं आणि मागचा दस्ता वायनोकडे, आणि संगीन अडकवायच्या कड्यासकट पुढचं लाकूड टॅककडे. पुढच्या शिकारीच्या मोसमात भेटायचं, तेव्हा टॅकनं आपला तुकडा आणायचा आणि जोडायची. असं ठरवून दोघं आपापल्या गाडीत बसले.

टॅक आला नाही.

रानातल्या खोपटात, जिथं आमची माणसं नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला जाऊन राहतात, ती अर्धवट रायफल भिंतीवर टांगलेली असायची. पुढं लाकूड नसल्यानं नळी उघडीबोडकी दिसायची. लहानपणी लेम्पीला तिच्याकडे बघवत नसे. दर मोसमात वायनो ती खाली काढायचा, पुसायचा, टेबलावर ठेवायचा. जादा माणसाचं अंथरूण घालायचा. मग दारात उभा राहून रस्त्याकडे बघायचा, सरपण मोजल्यासारखं करत. मोसम संपला की रायफल परत भिंतीवर.

"बाबा, त्याला पत्र का नाही टाकत?" लेम्पीनं एकदा विचारलं.

"त्याला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"खोपट कुठं आहे ते."

संपलं बोलणं. आमच्याकडे ही रीतच आहे. यायचं असेल तो येतो. दार लोटून आत येतो, बूट काढतो, चुलीवरची कॉफी स्वतः ओतून घेतो. 'या' म्हणणं म्हणजे समोरच्याला अडचणीत टाकणं, नाही म्हणायची पाळी आणणं. इतकी भीड बरी नव्हे, हे मला कळतं, पण पन्नास वर्षं या मातीत काढल्यावर मीही तसाच झालोय.

वायनो एकोणऐंशीत गेला. छातीत खाणीची धूळ बसली होती. शेवटच्या आठवड्यात त्याचं बोलणं थोडं सुटलं तेव्हा तो लेम्पीला म्हणाला, "टॅक आला तर खालची खाट दे. त्याचे गुडघे दुखतात." चौतीस वर्षांपूर्वीचे गुडघे! लेम्पी हो म्हणाली आणि बाहेर जाऊन रडली. बापाला काय पाहिजे होतं हे तिला आयुष्यभर ठाऊक होतं आणि ते तिला देता आलं नव्हतं. त्या हिवाळ्यानंतर ती बाजारांतून फिरायला लागली.

टॅकचं पूर्ण नाव तिला माहीत नव्हतं. केंटकी केवढं मोठं! पण लाकूड ओळखता येणार होतं. कापताना करवत घसरून बोटाच्या पेराएवढी वाकडी गेली होती, आणि त्या वाकड्या कापाला जगात एकच जोडीदार होता. शिवाय कड्यावर रायफलीचाच आकडा असणार, सत्तेचाळीस बारा. एकदा ओहायोहून आलेल्या एका व्यापाऱ्याच्या खोक्यात तोच आकडा असलेलं कडं तिला सापडलंही होतं. मग तिनं ते उजेडात धरलं आणि कारखान्याचा बारीक शिक्का दुसराच निघाला. एकच आकडा कितीतरी कारखान्यांनी कितीतरी वेळा ठोकलेला असतो. तिनं ते कडं होतं तिथं ठेवलं आणि त्या दिवशी टेबल लवकर आवरलं.

"अगं, कोणतंही लाकूड बसव, गोंद लाव, कडं चढव," मर्ल तिला दरवर्षी सांगायचा. "देव वरून बघतो तोसुद्धा फसेल. किंमत तिप्पट."

"मला विकायची नाही."

"मग कुणासाठी जोडतेस? म्हातारा तर गेला."

यावर ती पट्ट्यांना तेल लावत बसायची. मर्ल तोंडाचा फाटका, पण मनाचा वाईट नाही. तो दूरदूरच्या बाजारांना जायचा आणि तिचा प्रश्न तिच्यावतीनं विचारायचा, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णवच्या वसंतात तो लुईव्हिलच्या बंदूक-बाजारातून परतला तो थेट तिच्या दारी. बूट न काढताच बोलायला लागला, यावरून काहीतरी घडलंय हे तिनं ओळखलं.

"केंटकीच्या डोंगरात एक म्हातारा आहे. माझ्या ओळखीचा व्यापारी त्याच्या घरी जुनी संगीन घ्यायला गेला होता. तर दारावर दोन खिळ्यांवर नुसतं पुढचं लाकूड टांगलेलं. कड्यासकट. यानं विचारलं, विकता का? म्हाताऱ्यानं त्याला हाकलून दिला. म्हणाला, त्याची बाकीची रायफल माझ्या मित्राकडे आहे."

लेम्पी खुर्चीवर बसली.

"नाव काय त्याचं?"

"ऑर्व्हिल टॅकेट. लेम्पी, टॅकेट. टॅक!" मर्लला स्वतःलाच एवढा आनंद झाला होता की त्यानं तिच्या ताटातली मांस-बटाटा भरलेली पॅस्टी उचलून अर्धी खाऊन टाकली.

शाळेला सुट्टी लागेपर्यंत तिनं कसा धीर धरला तिचं तिला माहीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्धवट रायफल पेटीत घालून ती निघाली. आमचा भाग बाकी मुलखाला जोडणाऱ्या लांब पुलापलीकडे तिनं आयुष्यात फारसं पाऊल टाकलं नव्हतं. गाडी चालवताना ती मनात बोलणी करत होती. आधी किती सांगायचं, मग कितीवर यायचं. बाजारात घासाघीस करायची सवय. बापाचं लाकूड परत आणायचं, जोडायचं, भिंतीवर टांगायचं, की झालं. यापलीकडे तिनं विचार केला नव्हता.

टॅकेटचं घर दोन डोंगरांच्या बेचक्यात होतं. व्हरांड्यात एक म्हातारा झुलत्या खुर्चीत बसला होता, नाकात प्राणवायूची नळी, शेजारी सिलिंडर. उघड्या दारातून लेम्पीला आतल्या चौकटीवरचं लाकूड दिसलं. त्याच्या मागच्या टोकाशी काप वाकडा गेला होता.

"कोण पाहिजे?" म्हातारा म्हणाला.

"मी वायनो केस्कीची मुलगी."

खुर्ची झुलायची थांबली. आतून एक जाडसर बाई हात पुसत आली, त्याची मुलगी व्हर्ना. म्हाताऱ्यानं तिला हातानंच थांबवलं.

"वायनोनं पाठवलं तुला?"

तो तिच्याकडे बघतच राहिला आणि मग त्याचा चेहरा तांबडा झाला.

"आता? आता आठवण झाली त्याला? त्रेपन्न वर्षं गेली, पोरी! माझं लग्न झालं, बायको मेली, खाण बंद पडली, आणि हा साहेब आता मुलीला पाठवतो? स्वतः का नाही आला सांगायला?"

"अहो बाबा, श्वास घ्या," व्हर्ना म्हणाली.

"घेतोय श्वास. त्याला सांग म्हणावं, टॅक अजून रागावलेला आहे."

"मिस्टर टॅकेट," लेम्पी म्हणाली, "बाबा गेले. एकोणऐंशीत."

तो तिच्याकडून दरीकडे वळला. व्हर्नानं पुढं येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हणजे एवढी वर्षं," तो शेवटी म्हणाला, "मी मेलेल्या माणसावर रुसून बसलो होतो."

व्हर्नानं दोघांपुढं शिजवलेला घेवडा आणि मक्याचा पाव आणून ठेवला. कुणी हात लावला नाही. लेम्पीला वाटलं, आता बोललं नाही तर पुन्हा धीर होणार नाही. आणि तिच्या तोंडून नेमकं चुकीचं निघालं.

"ते लाकूड... त्याचे मी काय द्यायचे?"

टॅकेटनं थंडपणे तिच्याकडे पाहिलं. "व्हर्ना, हिला जेवायला घाल आणि रस्ता दाखव."

"तसं नाही—"

"तसंच. लाकूड न्यायचं माझ्याकडे होतं. मी आणायचं, त्यानं बोलवायचं, असं ठरलं होतं. मी तेल लावून तयार होतो दर वर्षी. तुझ्या बापानं एकदा तरी बोलावलं का मला? एक ओळ? एक निरोप?"

"ते वाट बघायचे तुमची. दरवर्षी दारात उभे राहायचे."

"वाट बघितलेली ऐकू येत नाही, पोरी."

लेम्पीला एकदम सगळं दिसलं. तिच्या मागं येऊन व्हर्ना हळूच म्हणाली, "आमच्याकडे कुणी 'या' म्हटल्याशिवाय पायरी चढत नाहीत. दादानं बहिणीच्या घरी जायचं तरी निरोप लागतो. बाबांची बॅग दर ऑक्टोबरात भरलेली असायची. आई चिडवायची, नवरी सासरच्या बोलावण्याची वाट बघते तशी बघताय म्हणून. हे म्हणायचे, न बोलावता गेलो तर वायनोला वाटेल वाटा मागायला आलो."

एक जण तिकडे दार उघडं ठेवून बसलेला आणि एक इकडे बॅग भरून. एवढं मोठं युद्ध एकत्र काढलेली दोन माणसं, आणि 'या' या एका शब्दापाशी अडून मेली. म्हणजे एक मेला. राग येतो मला, अजूनही येतो. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

लेम्पी उठून पायऱ्या उतरली. गाडीपाशी जाऊन किल्ली हातात घेऊन उभी राहिली. पेटीत बापाची अर्धी रायफल होती. आता तिला पैसे नको होते, लाकूडही नको होतं. बापानं जे म्हणायचं होतं ते म्हणायचं तेवढं राहिलं होतं, आणि ते तिलाही जन्मात कधी जमलं नव्हतं. नवरा निघाला तेव्हासुद्धा 'राहा' म्हणाली नव्हती ती. दारात उभी राहिली होती, बापासारखी.

ती परत वर आली. टॅकेटनं मान वळवली नाही.

"मिस्टर टॅकेट," ती म्हणाली. मग तिनं पुन्हा सुरुवात केली. "टॅककाका, तुम्ही आमच्याकडे या. मी बोलवायला आले आहे. बाबांच्या वतीनं आणि माझ्या वतीनं. राहायला या."

म्हाताऱ्यानं आता मान वळवली. त्याचा खालचा ओठ हलत होता.

"कधी?"

"नोव्हेंबरात. हरणांच्या मोसमाला, जसं ठरलं होतं तसं."

"नोव्हेंबर!" तो ओरडला, आणि त्याला खोकला आला, आणि खोकल्यातूनच तो हसला. "ही नळी बघतेस ना? नोव्हेंबर कुणी बघितलाय? व्हर्ना, माझे बूट आण. गाडीत पेट्रोल आहे का बघ."

"बाबा, एवढ्या लांब? डॉक्टर काय म्हणतील?"

"डॉक्टरला त्रेपन्न वर्षं थांबायला सांग, म्हणजे कळेल त्याला."

व्हर्नानं खूप कटकट केली आणि कटकट करत करतच बॅग भरली. म्हाताऱ्यानं खुर्चीवर चढायचा हट्ट धरला तेव्हा मात्र ती रागावली आणि लाकूड तिनं स्वतः खिळ्यांवरून काढून दिलं. त्यानं ते उशीच्या अभ्र्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. वाटेत खानावळीत जेवायला थांबले तरी ते तो कुणाच्या हाती देईना. लेम्पी पुढं, मागून व्हर्नाची गाडी, गाडीत जादा सिलिंडर. वाटेत एका मुक्कामी व्हर्ना लेम्पीला म्हणाली, "गेल्या दोन वर्षांत एवढं जेवलेले बघितले नव्हते मी त्यांना." लेम्पीनं व्हर्नाच्या हातावर हात ठेवला. आमच्याकडे हे पुष्कळ झालं.

पूल ओलांडून रान सुरू झालं तेव्हा म्हाताऱ्यानं काच खाली केली. पुढं खोपटाचा कच्चा रस्ता आला, दोन्हीकडे बर्चची झाडं, मध्ये गवत उगवलेलं. लेम्पीनं दार लोटलं. तो आत आला आणि दारातच थबकला, धाप लागली म्हणून आणि भिंतीवरच्या रिकाम्या जागेकडे लक्ष गेलं म्हणूनही. व्हर्नानं त्याला टेबलाशी बसवलं. लेम्पीनं पेटी उघडून रायफल त्याच्यापुढं ठेवली.

त्यानं आधी मागच्या दस्त्यावर हात फिरवला. मग अभ्रा सोडला. पुढचं लाकूड त्यानं नळीखाली सरकवलं, वाकडा काप वाकड्या कापापाशी आणला, आणि कुठं दाबावं लागलं नाही की घासावं लागलं नाही, दोन्ही लाकडं जुळली. मग मधलं कडं सांध्यावर चढवलं. काप झाकला गेला. पुढच्या कड्यावरचा आकडा आणि नळीवरचा आकडा एकच होता, पण लेम्पीला तो वाचायची गरज वाटली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती रायफल तिला अंगभर कपडे घातलेली दिसली.

बाहेर रानात पक्षी ओरडत होते. टॅकेटनं रायफल दोन्ही हातांनी उचलून उजेडाकडे धरली, उलटसुलट बघितली. त्याचे डोळे भरून आले. चौकटीकडे, खाटांकडे, चुलीकडे बघत त्यानं ती पुन्हा खाली ठेवली.

"झाली," तो म्हणाला. "आणि आता दाखवू कुणाला?"

लेम्पीलाही बापालाच दाखवायची होती. तेवढ्यासाठीच तर एकोणीस वर्षं ती खोक्यांतून हात काळे करत फिरली होती. म्हाताऱ्याला काय तुटतंय हे या क्षणी सबंध दुनियेत तिच्याइतकं कुणालाच कळलं नसतं. ती बाक ओढून त्याच्या समोर बसली, जिथं वायनो बसायचा तिथं.

"मला दाखवा, टॅककाका," ती म्हणाली.

टॅकेटनं तिच्याकडे बघितलं. मग बोटांनी चाचपत त्यानं कडं सैल केलं, जोडलेली रायफल पुन्हा वेगळी केली, आणि कापलेली दोन टोकं तिच्यापुढं शेजारी शेजारी ठेवली.

"हे टोक तुझ्या बापानं धरलं होतं," तो म्हणाला. "करवत माझ्या हातात होती. मी मध्येच एक विनोद केला, आणि तो हसला गं. वायनो हसला! म्हणून तर वाकडी गेली."